उकंडा नगराळे आणि मधलं सागवान

उकंडा नगराळे यांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या आधीची दोन भावंडं दगावलेली होती. म्हणून आजीनं तिसऱ्या दिवशी बाळ उचललं, घरामागच्या उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नेऊन ठेवलं, शेजारणीला "हे कोणाचं पोरगं पडलं वं इथं?" असं मोठ्यानं विचारायला लावलं आणि मग घरात परत आणलं. उकंड्यावरचं पोर यम नेत नाही, असा तिचा समज. वडील छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. त्यांना हा प्रकार अजिबात पटला नाही. त्यांनी मुलाचं नाव सिद्धार्थ ठेवलं. पण शाळेत नाव घालायला आजी गेली, आणि मास्तरांनी तिनं सांगितलं तेच लिहिलं. पोरगं जगलं. आजी आणि वडील यांच्यातला वाद मात्र शेवटपर्यंत निकाली निघाला नाही.

उकंडाभाऊ आज बासष्ट वर्षांचे आहेत. आमच्या आर्णीत त्यांना न ओळखणारा माणूस सहसा चाळिशीच्या आतला असतो. त्याहून मोठ्या बहुतेक माणसांच्या घरावर ते कधी ना कधी चढलेले आहेत.

यवतमाळच्या आयटीआयमधून त्यांनी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केला आणि गावात टीव्ही आले तसे ते अँटेना बसवू लागले. यवतमाळ आमच्यापासून चाळीस किलोमीटर. तिथल्या टॉवरवरून जे निघायचं ते इथवर येईपर्यंत दमलेलं असायचं. उंच पाइप, चांगला अँटेना आणि बूस्टर असलं तर चित्र दिसायचं. नसलं तर नुसत्या मुंग्या. बातम्या सांगणारी बाई मुंग्यांच्या वारुळातून बोलते आहे असं वाटायचं, आणि लोक तेही पूर्ण ऐकून घ्यायचे.

अँटेना चित्र ओढून घेतो, असं लोकांना वाटे. उकंडाभाऊंना हे चालत नसे. कितीही घाई असली तरी ते शिडीवरून खाली येऊन समजावत.

"ओढत नाही तो काही. यवतमाळच्या टॉवरवर काडी आहे. तिच्यातली वीज एका सेकंदात कोट्यवधी वेळा इकडून तिकडे, तिकडून इकडे होते. थे हलणं चहूकडे पसरते. पसरत पसरत तुमच्या काडीपाशी येते, आणि तुमच्या काडीतली वीज बी तशीच हलवते. थोडीशी. लई थोडीशी. तेवढ्यावर टीव्ही चालते."

"मधी तार नाही?"

"नाही."

"मंग हलणं येते कशावरून?"

आयटीआयच्या सरांनाही उकंडाभाऊंनी हेच विचारलं होतं, आणि सर म्हणाले होते, कशावरूनही नाही, त्याला कशाचीच गरज लागत नाही. उत्तर बरोबर होतं, पण शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाला ते देता येत नव्हतं. म्हणून त्यांनी तळं शोधलं. "तळ्याच्या या काठाले लाकूड हलवलं तं त्या काठाचं पान हलते का नाही? तसं." तळ्यात निदान पाणी तरी असतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण कोणी विचारलं नाही.

विचारलं ते फक्त प्रभावतीबाईंनी, लग्नानंतर पहिल्याच महिन्यात. "मंग त्या पानाले काय समजते?"

"काही नाही. नुसतं हलते. समजून घ्यायचं काम टीव्हीचं."

प्रभावतीबाईंना हे पटलं. त्या नेरजवळच्या खेड्यातल्या, सातवी शिकलेल्या, आणि त्यांची नजर फार चांगली. दोनेक वर्षांत त्या उकंडाभाऊंबरोबर कामाला जाऊ लागल्या. ते वर छपरावर अँटेना फिरवत, या खाली टीव्हीसमोर बसत. घरातली माणसं अशा वेळी उत्साहानं खोटं बोलतात, चित्र जरा दिसलं की "आलं, आलं!" म्हणून ओरडतात. प्रभावतीबाई ओरडत नसत. "मुंग्या कमी. अजून. अजून. गेलं. मागं घ्या," असं सपाट आवाजात सांगत. आर्णीत त्यांनी लावलेल्या अँटेनाला दुसऱ्यांदा हात लावावा लागत नसे.

एकदा एका गुरुजींनी अँटेना स्वतःच उभा करून बसवला. सगळ्या काड्या आभाळाकडे. आडवा अँटेना आंघोळीचे कपडे वाळत घालायच्या काठीसारखा दिसतो, हा शोभून दिसतो, असं त्यांचं म्हणणं. चित्र अर्थातच येत नव्हतं. उकंडाभाऊंनी वर जाऊन तो आडवा केला, आणि चित्र आलं.

"हे काहून असं?" गुरुजी म्हणाले.

"यवतमाळची काडी आडवी आहे, गुरुजी. तिकडे आडवं हलते, म्हणून इकडे बी आडवंच हलते. उभ्या काडीत थे हलणं घुसत नाही."

गुरुजींनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे." आणि विषय बदलला.

शहाण्णव साली उकंडाभाऊ कौलावरून घसरले आणि डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सरकारी दवाखान्यात प्रभावतीबाई अकरा दिवस त्यांच्या खाटेशी बसल्या, आणि बाराव्या दिवशी त्यांनी एकच गोष्ट सांगितली. यापुढं एका मजल्याच्या वर चढायचं नाही. उकंडाभाऊंनी हो म्हटलं. पाय जुळला, जरा आखूड झाला. पुढं केबल आली, मग आभाळाकडे तोंड केलेल्या डिशच्या छत्र्या आल्या, मग मोबाइल आले, आणि कोणाच्या घरावर कोणाला चढायचं कारणच उरलं नाही. उकंडाभाऊ बसस्टँडमागच्या दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करू लागले. पंख्याला समजावून सांगण्यासारखं काही नसतं. ते गप्प होत गेले.

चार वर्षांपूर्वी सुनील राठोड त्यांच्या दुकानात आला.

सुनीलचा आर्णीत केबलचा आणि आता इंटरनेटचा धंदा आहे. त्याच्या तिमजली इमारतीवर टॉवर आहे. आत येऊन तो म्हणाला, "जयभीम, काका." सुनील बंजारा, म्हणून उकंडाभाऊ म्हणाले, "जय सेवालाल." मग सुनीलनं रामधन तांड्याचं सांगितलं.

रामधन तांडा आर्णीपासून रस्त्यानं अकरा किलोमीटर, सरळ रेषेत सहा. साठेक घरं, सगळी बंजारा समाजाची, तीन बाजूंनी टेकड्या. मोबाइलची रेंज तिथं नाही. मोबाइल कंपनीच्या टॉवरची लहर टेकडीच्या अंगाला धडकते आणि तिथंच संपते, टेकडी ओलांडून खाली वाकत नाही. एरवी याचं कोणाला फारसं दुःख नव्हतं. पण रेशनच्या धान्यासाठी मशीनवर अंगठा लावावा लागतो, आणि त्या मशीनला रेंज लागते. म्हणून रेशन दुकानदार देवीलाल पवार दर महिन्याला दोन दिवस मशीन पिशवीत घालून गावामागच्या टेकडीवर जात, कारण रेंज फक्त वर मिळे. मागून सगळा तांडा. वर अंगठा लावायचा, पावती घ्यायची, खाली येऊन धान्य घ्यायचं. भुरीबाई आडे पंचाहत्तरीच्या. त्याही काठी टेकत चढत.

"फायबर टाकायचं तं मधी जंगल लागते, परवानगी मिळत नाही," सुनील म्हणाला. "हवेतून नेऊ. माह्या टॉवरवर एक छत्री, देवीलालकाकाच्या दुकानावर एक. तोंडाले तोंड. पोरं आहेत माह्याकडे, पण त्याइले मोबाइलवरची रेघ पाह्यता येते, छत्री नाही फिरवता येत."

उकंडाभाऊंनी हातातला पंखा खाली ठेवला. "किती मजले आहे देवीलालचं दुकान?"

"एकच."

"येतो."

एप्रिल महिना होता. देवीलालच्या दुकानाच्या स्लॅबवर वीस फुटांचा पाइप आडवा ठेवून उकंडाभाऊंनी त्याच्या टोकाला छत्री बांधली आणि मग चार जणांनी पाइप उभा केला. कोणाला चढावं लागलं नाही. अडचण वेगळीच होती. सहा किलोमीटरवरून ताटाएवढी छत्री दुसऱ्या ताटाएवढ्या छत्रीकडे नेमकी वळवायची, आणि तांड्यात फोन लागत नाही. म्हणून आर्णीच्या टॉवरशेजारी गच्चीवर सुनीलसोबत प्रभावतीबाई उभ्या होत्या, हातात आरसा घेऊन. उकंडाभाऊंकडेही एक आरसा होता.

ठरल्याप्रमाणे अकरा वाजता उकंडाभाऊंनी आरशातून ऊन आर्णीकडे फेकलं. प्रभावतीबाईंनी दोन टेकड्यांच्या खोबणीत ठिणगी पाहिली आणि सुनीलला सांगितलं, "थ्या खोबणीत. डाव्या टेकडीच्या पायाशी." मग त्यांनी आपला आरसा फिरवला. इकडे उकंडाभाऊंना ठिणगी दिसली. ती सलग नव्हती, तुटक तुटक होती, मिचमिच करत होती. त्यांनी छत्री तिच्याकडे वळवली. ऊन हेही त्याच जातीचं हलणं आहे, फक्त फार बारीक, हे त्यांना माहीत होतं. जिथून ऊन येतं तिथून रेडिओही येणार.

छत्रीला जोडलेल्या मोबाइलवर सिग्नलचा आकडा आला. उणे सत्तर. उणे चौसष्ट. उणे अठ्ठावन्न. देवीलाल काळजीनं म्हणाले, "कमी होऊन राह्यलं, भाऊ."

"वाढून राह्यलं. उण्यात आहे थे. जितकं शून्याजवळ तितकं बरं."

"म्हणजे तोटाच आहे, पण पहिल्यापेक्षा कमी तोटा?"

"बरोबर," उकंडाभाऊ म्हणाले. देवीलालना त्यांनी त्या दिवसापासून हुशार मानलं.

मे महिन्यात तांड्यानं दुकानातच अंगठे लावले. भुरीबाई ओट्यावर बसून राहिल्या. नंबर आला तेव्हा उठल्या, तीन पावलं चालल्या, अंगठा लावला आणि म्हणाल्या, "बस, इतकंच?" उकंडाभाऊ मुद्दाम पाहायला आले होते. घरी जाऊन त्यांनी प्रभावतीबाईंना हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं, आणि त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

जूनच्या शेवटी नेट अडखळायला लागलं. जुलैत बंद पडलं.

आधी सुनीलनं छत्री बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांनी मशीन बंद करून पुन्हा चालू करायला सांगितलं. सुनीलनं केलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मग उकंडाभाऊ तांड्यावर गेले. वायरच्या जोडात पाणी शिरलं का पाहिलं, नव्हतं. वानरांनी पाइप फिरवला का पाहिलं. पाइपावर त्यांनी एप्रिलमध्ये रंगानं खूण केली होती, ती जागच्या जागी होती. आकडा होता उणे ब्याऐंशी.

देवीलाल म्हणाले, "वारा सुटला की येते."

"काय?"

"नेट. जोराचा वारा आला का येते. वारा थांबला का जाते. सगया तांड्याले माहीत आहे. परवा असाच वारा सुटला तं सात जणाइचे अंगठे लागले. मंग थांबला."

उकंडाभाऊंनी पस्तीस वर्षांत वाऱ्यानं सिग्नल गेल्याच्या शंभर तक्रारी ऐकल्या होत्या. वाऱ्यानं सिग्नल आल्याची ही पहिलीच. ते स्लॅबवर मोबाइल घेऊन बसले. तासाभरानं वारा आला. उणे ब्याऐंशीचं उणे बहात्तर झालं. वारा गेला, आकडा परत खाली उतरला. छत्री हलत नव्हती. पाइप हलत नव्हता. मग हलत होतं ते काय?

त्यांनी आर्णीच्या दिशेला पाहिलं. एप्रिलमध्ये तिकडे मधल्या बरडावर, म्हणजे खडकाळ माळावर, करड्या काड्यांची रांग होती आणि तिच्या पलीकडे आर्णीची पाण्याची टाकी दिसत होती. आता टाकी नव्हती. हिरवी भिंत होती. वारा आला की ती भिंत उघडझाप करायची.

ते देवीलालच्या गाडीवर मागं बसून बरडावर गेले. तिथं विठ्ठलराव ठाकरे यांचं सागवान आहे, वीस वर्षांपूर्वी लावलेलं, शंभरावर झाडं. एप्रिलमध्ये सागवानावर पान नसतं. आता एकेक पान पत्रावळीएवढं, पाण्यानं फुगलेलं. उकंडाभाऊंनी एक पान तोडून हातात चुरगाळलं. तळहात लाल झाला. आरशाची ठिणगी मिचमिचत होती तेव्हाच समजायला हवं होतं. उघड्या फांद्यांमधून ती आली होती, आणि फांद्यांना पानं येतात हे आर्णी तालुक्यात जन्मलेल्या माणसाला कोणी सांगायला लागू नये. ते देवीलालना म्हणाले, "माही चूक आहे."

"झाडाची आहे," देवीलाल म्हणाले.

"झाड तिथंच होतं."

विठ्ठलराव शेतातच होते. त्यांना सगळं सांगितलं. लहर इकडून तिकडे जाते, मध्ये पानातलं पाणी तिला पिऊन टाकतं, वरचे शेंडे छाटले तर जमेल. विठ्ठलरावांनी लक्ष देऊन ऐकलं.

"मले सांगा, माह्या झाडाइनं तुमचं इंटरनेट अडवलं?"

"हो."

"सहा किलोमीटरचं?"

"हो."

"लेखी द्या," विठ्ठलराव म्हणाले. वीस वर्षं लोक त्यांना म्हणत होते की बरडावर सागवान होत नाही. छाटायला मात्र त्यांनी नकार दिला. "सागवान तोडायले परवानगी लागते, नगराळे. नेट बंद पडायले नाही लागत."

उकंडाभाऊंनी खरोखरच एका कागदावर लिहून दिलं. विठ्ठलरावांनी तो घडी करून खिशात ठेवला.

सुनीलचं मत पडलं की तांड्याकडचा पाइप उंच करू. शेंड्यांवरून दोन-तीन फूट गेलं की झालं. उकंडाभाऊंनी दुकानात जमिनीवर खडूनं रेघ काढली आणि तिच्याभोवती लांबट ढोलकी काढली.

"लहर दोरीसारखी जात नाही, सुनील. ढोलकीसारखी जाते. टोकाले निमुळती, मधी फुगलेली. आपल्या सहा किलोमीटरची ढोलकी मधोमध वर नऊ मीटर, खाली नऊ मीटर फुगते. सगयी नाही, पण निम्म्याहून जास्त मोकळी पायजे. मधली रेघ आता शेंड्यापाशीच आहे, थे शेंड्याच्या वर सहा मीटर तरी न्यायची. आणि झाडं आहेत अगदी मधी. एक टोक वर केलं तं मधात निम्मंच वर जाते. सहा पायजे तं बारा चढवा."

"आहे त्या सहावर बारा?"

"अठरा मीटर. साठ फूट."

सुनीलनं खडूच्या ढोलकीवर वीत ठेवून पाहिली. मग म्हणाला, "लावू. पण साठ फुटांचा मनोरा आडवा बांधून उभा नाही करता येत, काका. वर जाऊनच छत्री फिरवा लागन. तुमच्याशिवाय कोण?"

उकंडाभाऊंनी जमिनीवरची खडूची रेघ पुसली. त्या संध्याकाळी त्यांनी घरी विषय काढला. प्रभावतीबाई तांदूळ निवडत होत्या.

"किती फूट?"

"साठ."

"एक मजला किती फुटांचा असते?"

"दहा. बारा."

प्रभावतीबाईंनी तांदळात बोटं फिरवली. एक खडा उचलून बाजूला टाकला. दुसऱ्या दिवशी उकंडाभाऊंनी सुनीलला 'नाही' असं कळवलं. सुनील चिडला नाही, पण त्याच्या पोरांपैकी कोणीही चढायला तयार झालं नाही, आणि मनोऱ्याचं काम नुसतं लांबत गेलं. उकंडाभाऊ दुकानात पंखे दुरुस्त करत राहिले. एकदा त्यांनी दुरुस्त पंखाच पुन्हा उघडला. गिऱ्हाइकानं सांगितलं तेव्हा लक्षात आलं.

ऑगस्टच्या रेशनला ते न राहवून तांड्यावर गेले. देवीलाल मशीनची पिशवी खांद्याला लावून टेकडी चढत होते, मागं तांडा. वाट चिखलाची झालेली. भुरीबाई अर्ध्यात दगडावर बसल्या होत्या. उकंडाभाऊ आखूड पायानं हळूहळू त्यांच्यापर्यंत पोचले आणि शेजारी बसले.

"थकल्या काय, याडी?" त्यांनी विचारलं. तांड्यात मोठ्या बाईला याडी म्हणतात, म्हणजे आई.

"कांई नाही, बापू. पाय थकला. मी बसून आहे." भुरीबाईंनी काठीनं खाली दुकानावरची छत्री दाखवली. "थे तुझंच यंत्र नं?"

"माहंच."

"बंद आहे म्हणे. खालून दिसत नाही म्हणते त्याले काही."

"झाडं आडवी येतात."

"मंग आम्ही काय करतो? खालून दिसत नाही, त वर चढतो. म्हातारी मी चढते. त्याले काय झालं चढायले?"

उकंडाभाऊंनी टेकडीच्या माथ्याकडे पाहिलं. मग उठले आणि एकदाही न थांबता वरपर्यंत गेले. वर लोक मशीनभोवती बसले होते. ते सगळ्यांना ओलांडून कड्याशी गेले आणि आर्णीकडे पाहिलं. पाण्याची टाकी दिसत होती. सुनीलची इमारत दिसत होती. विठ्ठलरावांचं सागवान खूप खाली होतं, कोणीतरी अंथरलेल्या गोधडीसारखं. ढोलकी काय, वरून आख्खी वरात गेली असती.

पस्तीस वर्षं अँटेनाचं काम केलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं. पाइप कुठं लावायचा तर जिथं नेट हवं तिथं, हे डोक्यात इतकं बसलेलं होतं. त्यांना शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त आनंद झाला, कारण टेकडीच्या माथ्यावर सहा फुटांचा पाइपही पुरणार होता. पाय जमिनीवर ठेवून छत्री फिरवता येणार होती.

सुनीलला त्यांनी सांगितलं, टेकडीवर दोन छत्र्या लावू, पाठीला पाठ. एक आर्णीकडून घेईल, दुसरी खाली दुकानाला देईल. सुनील म्हणाला, वर वीज नाही. उकंडाभाऊ म्हणाले, ऊन आहे. मग सोलरची पाटी आणि बॅटरी घ्यायचं ठरलं.

सामान तांड्यानंच वर नेलं. बॅटरी दोघांनी काठीला बांधून नेली. रेती, सिमेंट आणि पाणी बायांनी घमेल्यांतून आणि हंड्यांतून नेलं. भुरीबाई या वेळी वर चढल्या नाहीत. खाली उभ्या राहून कोणी किती खेपा केल्या ते बघत होत्या आणि कमी करणाऱ्याला नावानं हाक मारत होत्या.

प्रभावतीबाई आर्णीच्या गच्चीवर जायला तयारच होत्या, पण टेकडीवर फोन लागतो म्हणून आरशाचं काम नव्हतं. त्या म्हणाल्या, "मंग मी तिकडेच येतो. तुम्ही किती उंच चढता थे पाह्यतो." त्या देवीलालच्या गाडीवर मागं बसून आल्या, टेकडी चढल्या, सहा फुटांचा पाइप पाहिला, त्याच्याशेजारी उभ्या राहून हात वर करून पाहिला, आणि मग सावलीत जाऊन बसल्या.

आर्णीकडची छत्री पंधरा मिनिटांत लागली. उणे त्रेपन्न. दुसरी छत्री मान खाली घालून दुकानाकडे पाहत होती. तांड्यातल्या लोकांना ते विचित्र वाटलं. छत्री आभाळाकडे पाहते, अशीच सगळ्यांची समजूत. देवीलालनी त्यांना समजावलं, "हिले आभाळाचं काम नाही. हिले माह्या दुकानाचं काम आहे." उकंडाभाऊंना हे वाक्य फार आवडलं. त्यांना स्वतःला ते इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं.

दुकानावरचा पाइप त्यांनी काढला नाही, फक्त छत्री आर्णीकडून टेकडीकडे वळवली.

सप्टेंबरच्या रेशनला पहिला अंगठा देवीलालनी स्वतःच्या बायकोचा लावला, मशीन फसलं तर बाहेरच्याची नाराजी नको म्हणून. लागला. मग रांग सरकत गेली. भुरीबाईंचा नंबर आला. अंगठा ठेवला. मशीननं नाकारला. पुन्हा ठेवला, पुन्हा नाकारला. सगळ्यांनी उकंडाभाऊंकडे पाहिलं.

उकंडाभाऊंनी आकडा पाहिला. उणे बावन्न. "लहर येऊन राह्यली, याडी. अंगठा घासला आहे."

"सत्तर वर्षं काम केलं, बापू. घासन नाही त काय?" भुरीबाईंनी अंगठा पदराला पुसला, मग तो सोडून मधलं बोट ठेवलं. लागलं. त्यांनी पावती घेतली, ओच्यात खोचली आणि उकंडाभाऊंना म्हणाल्या, "तुझं यंत्र चांगलं आहे. आता माह्या अंगठ्याचं काहीतरी पाह्य."

"थे काम माहं नाही."

"मले वाटलं, असन."

दिवाळीनंतर सुनीलकडे आणखी तीन गावांनी नेटसाठी विचारणा केली. सोलरची पाटी सांभाळायला नको म्हणून एप्रिलमध्ये, सागवानाची पानं गळली की, दुकानावरची छत्री परत सरळ आर्णीकडे वळवावी, असं त्याचं म्हणणं होतं. उकंडाभाऊंनी ते ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं. सुनीलनं त्यांना व्हिजिटिंग कार्ड छापून दिलं, त्यावर 'तांत्रिक सल्लागार' असं होतं. प्रभावतीबाईंनी ते वाचलं आणि विचारलं, "आता पंखे कोण करन?" पंखेही तेच करतात. दुकान अजून बसस्टँडमागंच आहे.

नव्या गावाला जायचं तर उकंडाभाऊ आता आधी कोणतंही यंत्र नेत नाहीत. नुसते जातात, उंच जागा बघून बसतात, आणि आसपासच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलतात. फेब्रुवारीत ते दिग्रसच्या बाजूला एका खेड्यात गेले होते. गावाबाहेर मोहाची मोठी रांग होती, सगळी पानं गळायला आलेली. खाली एक आजोबा शेळ्या राखत होते. उकंडाभाऊंनी त्यांना विचारलं, "बाबा, या झाडाइले पानं केव्हा फुटतात?"

"चैत्र-वैशाखात. काहून? झाडं घ्यायची आहेत काय?"

"नाही," उकंडाभाऊ म्हणाले. "त्याइच्या वरून जायचं आहे."

आजोबांनी त्यांच्या आखूड पायाकडे पाहिलं, मग झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं, आणि शेळ्या थोड्या लांब हाकून नेल्या.